आईचे हात कुणाकडे

९ जानेवारी

रिपोर्ट आले. दोन पाकिटं होती, एक माझं आणि एक धाकट्या बहिणीचं. घरी जाऊन दोघींनी मिळून उघडायची असं ठरलं होतं, पण मला कुठला धीर. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी दोन्ही फोडली.

धाकटीचं निगेटिव्ह आहे. आरए फॅक्टर नाही, अँटी-सीसीपी नाही, पाटी कोरी. माझ्या रक्तात दोन्ही निघाले. पहिला थोडासाच, पण दुसरा इतका की आकड्यापुढे वर जाणारा जाड बाण छापलाय. बाहेरच्या रोगाशी लढायचं सोडून आपल्याच सांध्यांवर उलटू शकतात असे हे रक्तातले घटक, एवढं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेल्या महिन्यात माझं मनगट दुखत होतं म्हणून आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो, तर आईला संधिवात होता हे ऐकून त्यांनी ही तपासणी लिहून दिली. धाकटीलाही मीच बळेच करायला लावली. सकाळी तळपाय दुखतात कधीकधी, एवढं ती त्यांच्यासमोर बोलली आणि लगेच म्हणाली, चपला नवीन आहेत. माझं मनगट तर दोन दिवसांत आपोआप बरं झालं होतं.

मी दात बनवते. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या करणं, मेणात एकेक दात कोरून त्याला चेहऱ्याजोगा आकार देणं, हे माझं काम. दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात. माझं इतकी वर्षं त्यावरच भरतंय. हात गेले तर माझ्याकडे दुसरं काहीही नाही.

आणि हात कसे जातात ते मी बघितलंय. आईची बोटं हळूहळू एका बाजूला कलंडत गेली. शेवटच्या वर्षांत सकाळी तिच्या मुठी बंद असायच्या, आणि धाकटी कोमट पाण्यात त्या एकेक बोट करून उघडायची. मी तेव्हा लॅबला निघालेली असायचे. घरात ‘दुखतंय’ हा शब्द आईचा होता. आम्हाला खरचटलं, दाढ ठणकली, ताप आला, तरी आम्ही तो वापरला नाही. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने म्हणणार?

धाकटीने दोन्ही कागद बराच वेळ वाचले. मग म्हणाली, “बघ, मी सुटले.” आणि हसली. मग माझा हात धरून बसली आणि म्हणाली की तुझं मी बघेन. तिने आईचंही बघितलं. मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडले नाही.

१४ जानेवारी

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. बाई कमी बोलतात. मी कागद पुढे केला तर त्यांनी तो पालथा ठेवला आणि आधी माझे हात मागितले. प्रत्येक पेराला दाबून बघितलं, मग पंजा आडवा धरून आवळला, दोन्ही हात, मग दोन्ही पाय. दुखलं का? नाही. सकाळी हात आखडतात का, किती वेळ? नाही. हिरड्या सुजतात का, हेही विचारलं. लोकांना दात देणारीला हिरड्या विचारल्या म्हणून मला हसू आलं, त्यांना नाही आलं.

मग कागद सरळ केला. आरए फॅक्टरवर एकट्यावर जाऊ नये म्हणे, तो म्हातारपणी, जुनाट संसर्गात, यकृताच्या दुखण्यातही निघतो. अँटी-सीसीपी जास्त विश्वासाचा, आणि माझा चांगलाच वर आहे. म्हणजे पुढेमागे आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. पण शक्यता म्हणजे आजार नव्हे. सांधे सुजले, सकाळी बराच वेळ आखडले, आठवडे लोटले तरी उतरले नाहीत, तर तो आजार. असला बाण घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत असलेले लोक त्यांच्याकडे आहेत. निगेटिव्हबद्दलही काहीतरी सांगत होत्या, निगेटिव्ह असलं तरी वगैरे, पण तेव्हा मी बाणाकडे बघत होते.

सहा महिन्यांनी या, मध्ये काही सुजलं तर लगेच या, असं सांगितलं. औषध काही नाही. धाकटी बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आले तर उठायला तिला जरा वेळ लागला, पायाला मुंग्या आल्या म्हणाली.

१६ जानेवारी

नुसतं हातावर हात ठेवून बसणं मला जमायचं नाही. दोन गोष्टी ठरवल्या. रोज सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, मेणाची एक दाढ कोरायची. दाढेला उंचवटे असतात, खाचा असतात, हात जरा जरी बिघडला तरी तिथे कळेल. आणि धाकटीने रोज माझा पंजा आवळून बघायचा, डॉक्टरीणबाईंनी आवळला तसा. दुखलं की समजायचं, आलं.

धाकटी म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. मग आवळला. चांगला जोर लावला. नाही दुखलं.

२ फेब्रुवारी

सकाळी अर्धवट जागी असताना न्हाणीघरातला नळ वाहत होता. बारीक धार, न थांबणारी. आई उठल्या उठल्या गरम पाण्याखाली हात धरून उभी राहायची, अगदी तोच आवाज. मी अंथरुणात पडून ऐकत राहिले आणि क्षणभर मला खरंच वाटलं की ती आहे, आणि मला लॅबला उशीर होतोय.

उठले तेव्हा नळ बंद होता. आरशावर वाफ होती. धाकटी स्वयंपाकघरात दोन्ही तळव्यांत कप धरून बसली होती. तिला सांगितलं, तर म्हणाली पाइप जुने झालेत, आवाज करतात.

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. पण पाइप वाफ करतात का, हे मी तिला विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी

मालकांनी आज मला खोलीत बोलावलं. त्यांचे डोळे थकलेत, लॅब मी चालवावी असं त्यांच्या मनात आहे. इतकी वर्षं त्या खुर्चीकडे मी चोरून बघत होते. मी म्हटलं, विचार करून सांगते. ते चकित झाले. बाणाचं मी लॅबमध्ये कुणालाच सांगितलेलं नाही.

धाकटीला सांगितलं तर ती खूश झाली. तिच्या बालवाडीतही आज गंमत झाली म्हणे. मुलांची बटणं लावून लावून जीव जायचा, म्हणून आता तिने त्यांना एकमेकांची बटणं लावायला शिकवलंय. सगळा वर्ग गोल उभा राहून पुढच्याची बटणं लावतो. मी म्हटलं, हे तुला आधी सुचायला हवं होतं. ती म्हणाली, गरज पडली नव्हती.

६ मार्च

नळ पुन्हा. आता रोज ऐकू येतो. मी कूस बदलून घेते आणि उठत नाही. आईची खोली आम्ही बंदच ठेवतो, तरी परवा त्या दारावरून जाताना मला तिच्या मलमाचा वास आला. धाकटीला आला नाही.

१२ मार्च

आज धाकटीशी वाजलं. ती पंजा आवळते म्हणजे काय करते, तर नुसता हात ठेवल्यासारखं करते. गेले काही दिवस हे चाललंय. मी म्हटलं, जोर लाव. ती म्हणाली, लावतेय. हे लावणं? मांजराने पाय ठेवला तरी जास्त भार पडतो. मला त्रास होऊ नये म्हणून हळू दाबतेस ना, म्हटलं, मग उपयोग काय, तुझ्या दयेने माझा आजार लपायचा नाही. तिने माझा पंजा पुन्हा धरला. मग दोन्ही हातांनी आवळलं, ओठ दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तरी मला जेमतेम कळलं.

नंतर वाईट वाटलं. तिचाही जीव टांगणीला लागलाय माझ्यापायी.

पण मग दुसरीच शंका आली. कदाचित ती पूर्ण जोराने दाबत असेल, आणि माझ्याच हाताला कळेनासं झालं असेल.

२४ मार्च

मावशी येऊन गेली. आईची थोरली बहीण, तोंडाने फटकळ, पण हक्काने येणारी ती एकटीच उरली आहे. आल्याबरोबर तिने माझे दोन्ही हात उजेडात धरले आणि म्हणाली, अगदी आईवर गेलेत, तीच लांब बोटं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, मावशी, दिवा लावायला आलीस की विझवायला?

धाकटीकडे बघून म्हणाली, ही मात्र वाळली. खात नाहीस का गं? धाकटी म्हणाली, उन्हाळा बाधतो. मावशी म्हणाली, तुला काय बाधायचंय, तुझा कागद स्वच्छ आहे. निघताना तिने धाकटीचा हात हातात घेतला, तर धाकटीने तो झटकन ओढून घेतला आणि मावशीच्या गळ्यात पडली. आमच्या घरात गळ्यात पडायची पद्धत नाही. मावशीसुद्धा चमकली.

३ एप्रिल

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवते.

आईचा चमचा भांड्यांच्या जाळीत होता. तिच्या हातात साधा चमचा राहत नसे म्हणून दांड्याला कापड गुंडाळून जाड केलेला तो चमचा. ती गेल्यावर मी स्वतः तो तिच्या कपाटात ठेवला होता. कापड ओलं होतं. कुणीतरी नुकतंच त्याने खाऊन तो धुतला होता.

मी किंचाळले असावे, कारण धाकटी धावत आली. धावत म्हणजे भिंतीला धरत. ती म्हणाली, अगं मीच घेतला, तिचं कपाट आवरत होते, हाताला लागला. मी विचारलं, खाल्लंस कशाला त्याने? ती म्हणाली, आठवण आली.

तिला आठवण येते तर ती चमच्याने खाते, आणि मला आली तर मी नळ ऐकते. दोघीही वेड्या झालो आहोत. मी तिला तो परत ठेवायला सांगितलं. तिने ठेवला.

१७ एप्रिल

खिडकीत मेणाच्या दाढा ओळीने ठेवत गेले, आता जागा उरली नाही. एकही वाकडी नाही. त्या बघून आनंद व्हायला हवा, पण ती ओळ बघितली की वाटतं, एखाद्याचं तोंड उघडं राहिलंय. त्यांच्यावर धूळ बसलीय. धाकटी हल्ली पुसत नाही. फडका पिळत नाही, बरण्यांची झाकणं उघडीच ठेवते, बटाटे सोललेले विकत आणते, बटणांचे कपडे सोडून सैल गळ्याचे घालते. सुट्टीच्या दिवशी तर दुपारपर्यंत अंग टाकून पडते. निगेटिव्ह आल्यापासून बाईसाहेब सुखावल्यात. मी बोलत नाही. सुटलेल्या माणसाला सुख भोगू द्यावं.

५ मे

चोरून रक्त तपासून आणलं. बाण आणखी वर गेलाय.

डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्यांनी मला चांगलंच झापलं. हा आकडा म्हणजे वजनाचा काटा नव्हे, दर महिन्याला त्यावर उभं राहायला. एकदा वर आहे हे कळलं, पुढे तो थोडा इकडेतिकडे होण्याला अर्थ नाही. “रक्तात काय बघता? सांध्यांकडे बघा,” म्हणाल्या. मी म्हटलं, सांध्यांकडे मी दिवसभर बघते. माझा हात आता मला बघवत नाही इतकी बघते.

८ मे

लॅब घेणार नाही, असं मालकांना सांगितलं. कारण दिलं नाही. घरी येऊन धाकटीला म्हटलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “तुला काही झालेलं नाही ताई. तू होण्याआधीच सगळं सोडून देतेयस.” मी म्हटलं, बोलायला तुझं काय जातं, तू सुटलीस.

ती उठून गेली. पायऱ्या चढताना तिचा आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. एक पायरी, त्यावर दोन्ही पाय, मग दुसरी. आई अशी चढायची. मी बाहेर येऊन बघितलं तर वर धाकटीच होती, कठड्याला कोपर टेकून उभी. आईचं चढणंही तिच्या अंगात भिनलंय. दुःखाची माणसाला इतकी सवय लागते हे मला माहीत नव्हतं.

११ जून

पातेलं पडलं. गरम पाणी सगळीकडे. धाकटीच्या हातून सुटलं. भाजलं नाही कुणाला, पण मी फार बोलले. लक्ष कुठे असतं, मी रोज मरणाची वाट बघितल्यासारखी हातांची वाट बघतेय आणि तुला एक पातेलं धरवत नाही, असं बोलले. शब्द बाहेर पडत गेले. ती खाली बसून फडक्याने पाणी टिपत होती, पिळत नव्हती, नुसती एका जागचं पाणी दुसऱ्या जागी नेत होती. वर बघून म्हणाली, “आवळून बघायचं राहिलं ना आज? ये.”

मी हात दिला नाही.

१५ जुलै

काय आणि कसं लिहू. सरळ लिहिते.

आज तपासणीला गेलो. धाकटीला मी आत बरोबर नेलं, कारण मला एकटीला ऐकवणार नाही असं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी माझे हात बघितले, पाय बघितले, पंजा आवळला. इतका जोराने की मी दचकले, कारण मला व्यवस्थित कळलं. माझा हात बधिर नव्हता. काहीही सुजलेलं नाही म्हणाल्या, आजार नाही, सहा महिन्यांनी या.

मग त्यांनी माझी फाइल धाकटीपुढे केली. धाकटीने ती बोटांनी घेतली नाही. दोन्ही तळव्यांत दाबून घेतली, गरम भांडं घेतात तशी.

बाईंनी ते बघितलं. म्हणाल्या, “तुमचे हात दाखवा.”

धाकटी म्हणाली, “माझं निगेटिव्ह आहे. तेव्हाच केलं होतं, हिच्याबरोबर.”

“हात दाखवा.”

धाकटीने फाइल माझ्या मांडीवर ठेवली आणि हात टेबलावर ठेवले, पालथे, शिक्षा घ्यायला ठेवावेत तसे. त्या खोलीत उजेड भरपूर होता. मधल्या दोन बोटांच्या मुळाशी खळगे असतात ते नव्हतेच, तिथे सगळं भरून आलं होतं. मनगटं जाड झालेली. अंगठी नव्हती, तिच्या जागी नुसती खूण होती, आणि ती अंगठी कधी गेली हे मला सांगता येईना. बाईंनी पंजा आडवा धरला आणि जेमतेम आवळला. धाकटीच्या तोंडून जो आवाज आला तो मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता.

किती दिवस, असं बाईंनी विचारलं. हाताचं विचारताय का, ती म्हणाली. पाय आधीपासून होते, हात फेब्रुवारीपासून. सकाळी किती वेळ आखडतात? गरम पाण्याखाली धरले तर लवकर सुटतात, नाहीतर बालवाडीत पोचेपर्यंत. बोलताना ती बाईंकडे बघत होती, माझ्याकडे एकदाही नाही.

मी म्हटलं, अहो पण तिचं निगेटिव्ह आहे. मी हे खरंच म्हटलं. माझ्या कानांनी ऐकलं.

बाईंनी शांतपणे सांगितलं की या आजाराच्या बऱ्याच रोग्यांच्या रक्तात हे दोन्ही घटक सापडत नाहीत. पॉझिटिव्ह आलं म्हणून आजार झाला असं नाही, आणि निगेटिव्ह आलं म्हणून माणूस सुटला असंही नाही. कागद सांध्यांच्या जोडीने वाचायचा असतो. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणायला हव्या होत्या.

२४ जुलै

धाकटीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सूज दाखवणारे रक्तातले आकडे खूप वर आहेत. त्याच दोन तपासण्या पुन्हा केल्या, दोन्ही पुन्हा निगेटिव्ह. इतर कशाने असं होत असेल तर म्हणून बाईंनी बाकीचीही दुखणी एकेक करून बाजूला काढली, आणि उरलं ते हेच. एक्स-रेमध्ये पायाच्या करंगळीच्या मुळाशी आणि उजव्या मनगटात हाडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. बाकीचं औषधाने थांबेल, बहुतेक चांगलं थांबेल, आता तुमच्या आईच्या वेळेसारखं राहिलेलं नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं. कुरतडलेलं मात्र भरून येत नाही.

मी विचारलं, मार्चमध्ये आलो असतो तर? बाई म्हणाल्या, आता आलात ना. हे उत्तर नव्हे, हे मला कळतं.

घरी येताना रिक्षात मी धाकटीला विचारलं, का नाही बोललीस.

“कागदावर काहीच नव्हतं ताई,” ती म्हणाली. “मला वाटलं, आईचं इतकी वर्षं केलं, म्हणून मला भास होतात. मीच मला सांगायचे, तुला नाहीये, नाटकं करू नकोस. आणि कागदावर जे होतं ते तुला होतं.”

म्हणजे आम्ही दोघी एकाच घरात एकाच भुताला भीत होतो. मला ते ऐकू येत होतं, आणि ती ते अंगावर वागवत होती, आणि आपल्याला काही झालेलं नाही असं धरून चालली होती. रोज सकाळी मी तिच्या त्या हातांकडून माझा पंजा आवळून घेत होते. जोर लाव म्हणत होते.

मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नाही.

२६ जुलै

आईची खोली उघडली. चमचा धाकटीला आणून दिला. आणखी दोन चमच्यांच्या दांड्यांना मी लॅबमधला मऊ प्लास्टिकचा लगदा लावून तिच्या मुठीच्या मापाने साचा घेतला. त्यासाठी तिची मूठ लगद्यात धरावी लागली. तिची मूठ नीट बंद होत नाही. मी हे काम शांतपणे केलं आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

२ ऑगस्ट

मालकांकडे जाऊन सांगितलं की अजून द्यायची असेल तर लॅब मी घेते, फक्त सकाळी उशिरा येईन, घरी माणसाला लागते मी. ते म्हणाले, तब्येत कुणाची? मी म्हटलं, बहिणीची. आजारी ती आहे, हे मोठ्याने पहिल्यांदा बोलले.

सकाळची दाढ कोरायची विसरून किती दिवस झाले ते आठवत नाही. माझ्या हातांची भीती गेली. कुठे गेली, कशी गेली, काही कळलं नाही. रक्तात बाण तसाच आहे, उद्या मलाही होऊ शकतं, बाईंनी सहा महिन्यांनी बोलावलंय आणि मी जाईन. पण भीती गेली, आणि त्या गोष्टीची मला लाज वाटते, कारण ती कुणाच्या जिवावर गेली हे मला माहीत आहे.

९ ऑगस्ट

बाईंनी दिलेली, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी काल होती. दुसऱ्या दिवशी धाकटीला मळमळतं, म्हणून दुपारी ती झोपली होती. मी शेजारी बसले आणि तिचे हात बघितले. कामावर दाताचा साचा बघते तसे, एकेक कंगोरा, घाई न करता.

हे आईचे हात नाहीत. आईची बोटं लांब होती, नखं रुंद होती. ही बोटं आखूड आहेत. डाव्या अंगठ्याच्या खाली भाजल्याचा जुना डाग आहे, तो कधीचा ते मला माहीत नाही. तर्जनी किंचित आत वळलेली आहे, ती लहानपणापासूनच तशी असावी. मधल्या दोन बोटांची सूज थोडी उतरलीय, किंवा मला तसं वाटतंय. इतके महिने मी आईचे हात शोधत होते आणि हे हात रोज माझ्यासमोर चहा ठेवत होते.

“काय बघतेस?” डोळे न उघडता तिने विचारलं.

“तुझे हात.”

“उशीर केलास गं,” ती म्हणाली. रागाने नाही, बस चुकल्यावर म्हणतात तसं. मग तिने भिंतीकडे कूस वळवली, आणि एक हात मागे माझ्या मांडीवर राहू दिला.